शालन, तुझ्या तळहाताचं माप

शालन, कावळा लगेच शिवला. सगळ्यात आधी तुला हेच सांगायचं आहे, कारण माझा राग तिथूनच सुरू होतो.

वारणेच्या काठावर तुझ्या दहाव्याला अख्खा गाव आला होता. तुझ्या अमोलनं पिंड ठेवले, डोळे पुसत मागं सरला आणि आम्ही सगळे बाजूला जाऊन उभे राहिलो. मी पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला. ऊन चांगलंच होतं आणि माझी खात्री होती की आता बराच वेळ उभं राहायचंय. तुझ्यासारख्या बाईचा जीव असा चटकन सुटतो होय? एकेकाला पुढं येऊन शब्द द्यावा लागेल. अमोलचं लग्न करू म्हणावं लागेल, म्हैस विकणार नाही म्हणावं लागेल. एवढं करूनही कावळा फांदीवरच बसून राहील आणि मग कुणाला तरी नाइलाजानं म्हणावं लागेल, "शालन, वरलं रान राखू." डोंगरावरचं ते रान तू बंद ठेवलं होतंस आणि मी त्या एका वाक्यासाठी उभी होते. ते कुणाच्या तोंडून निघतंय, एवढंच मला बघायचं होतं.

तर कसलं काय. माणसं अजून मागं सरतच होती, तेवढ्यात बाभळीवरून एक कावळा उतरला, भाताचा घास उचलला आणि गेला. शेजारच्या हौसाबाईंनी हात जोडले. "बगा, काय सुदिक मागं ठिवलं न्हाई पोरीनं. सुकानं गेली." बायकांना हुंदके फुटले, पण त्यात सुटकाही होती. तुझे सुभाषराव फौजेत उभे राहायचे तसे ताठ उभे होते. मी मात्र त्या बाभळीकडं बघत मनातल्या मनात तुला शिव्या घालत होते. अगं, जरा थांबायचंस. जन्मभर माझ्याशी, थोरल्या जावेशी, प्रत्येक गोष्टीवर वाद घातलास आणि जिथं खरं अडून बसायचं तिथंच शहाण्यासारखी वागलीस.

त्या एका घासानं काय करून ठेवलंय ते ऐक. तेराव्याची पंगत उठल्यावर रंजना माझ्याजवळ येऊन बसली. तुझ्या बचत गटातली रंजना, जिला ती नांदायला आल्यापासून तू हाताशी धरलंस. खाली बघत म्हणाली, "आक्का, काकींचा जीव वरल्या रानात आडाकला असता तर कावळा शिवला असता का? त्यास्नी आता काय वाटत न्हाई. मग आमी रान उगडलं तर काय बिगडलं?" तिच्यामागं गटातल्या बाकीच्या बायका बसल्या होत्या. त्यांनी माना हलवल्या. मसाल्याचा कुणी व्यापारी शुक्रवारी फाट्यावर टेम्पो पाठवणार आहे. बारीक, मोठं, सालीसकट, जे असेल ते सगळं दगडफूल तो एका खेपेत उचलणार आहे.

सांगलीला माझ्या कांडपावर उन्हाळ्यात बायका वर्षाची चटणी करायला येतात. मिरची निवडून आणतात, धणे, खोबरं, तीळ, सगळं बघून आणतात आणि दगडफूल विसरतात. मग मी माझ्या डब्यातलं मूठभर देते. गरम तेलात ते पडलं की रानाचा ओला वास सुटतो आणि त्या म्हणतात, आता झाली चटणी. ते ना दगड ना फूल. काळ्या-राखाडी पापुद्र्यासारखं काहीतरी, जांभळीच्या नाहीतर हिरड्याच्या खोडाला चिकटून वाढणारं, आणि इतकं सावकाश वाढणारं की बघणाऱ्याला वाटावं, हे जागचं हलतच नाही. हे सगळं मी आता शहाण्यासारखी लिहितेय. आपण दोघी शिराळ्याच्या त्या डोंगराखाली नांदायला आलो तेव्हा दोघींनाही यातलं ओ की ठो कळत नव्हतं. माझं माहेर मिरजेचं, तुझं कृष्णाकाठचं, उसाच्या फडातलं.

तुझा हात मी पहिल्यांदा नीट बघितला तो भाकरी थापताना. रुंद तळवा, आखूड बोटं. परातीत पीठ फिरायला लागलं की बघत राहावं. माझे हात सासूबाईंच्या भाषेत 'पोरीचे' होते, अजूनही तसेच आहेत. माझी भाकरी बघून तू म्हणायचीस, "आवं आक्का, ह्या भाकरीवर माणूस जेवत न्हाई, पाखरू जेवतंय." मी चिडायचे. तू मुद्दाम माझी भाकरी तुझ्या भाकरीवर ठेवून सगळ्यांना दाखवायचीस आणि सुभाषभाऊजी सुट्टीवर असले तर त्यांनाही हसवायचीस. आम्ही सांगलीला बिऱ्हाड हलवलं तेव्हा तू माझ्या हातात पिठाची पिशवी दिलीस आणि म्हणालीस, तिथं तरी जरा मोठी थापा. त्या दिवशी एसटीत बसल्यावर मी रडले होते. तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यावरही तू काहीतरी बोलली असतीस.

आता त्या चुकीबद्दल. तू गेल्यावर त्यावर बोलू नये असं गावाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. तू स्वतः ती कधी लपवली नाहीस.

गट नवीन होता. गावाला वनहक्कात डोंगर मिळाला होता आणि त्यावरच्या झाडांचं दगडफूल विकायचं तुझ्या डोक्यात आलं होतं. आधी लोक वाऱ्यानं पडलेल्या फांद्यांवरचं घरापुरतं वेचायचे. झाडावरचं कसं काढायचं, किती ठेवायचं, हे कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. मग तू सांगितलंस. ऊस बुडख्याला भिडवून तोडला तर खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांचं पुढचं पीक, जोमानं फुटतो, वर मुंडा ठेवला तर फुटवा मरतुकडा येतो, हे तुझ्या वडिलांनी तुला लहानपणापासून शिकवलेलं. तू बायकांना खुरपी दिलीस आणि म्हणालीस, "सालीला भिडवून काडा. मागं तुकडा ठिवायचा न्हाई. पुडच्या खेपंला दुप्पट यील." आणि आमच्या भागात ऊस कुणाला कळत नाही? सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. वरल्या रानातली झाडं तुम्ही नव्या भांड्यासारखी घासून काढलीत. पोती भरून माल माझ्याकडं आला आणि तू फोनवर इतकी हसलीस की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

पुढच्या वर्षी काही आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. जिथं खुरपं साल सोलून आत गेलं होतं तिथं झाडं डिंकाळली. तू सांगलीला आलीस, मिरच्यांच्या पोत्यावर बसलीस आणि कांडप चालू असताना मोठ्यानं म्हणालीस, "आक्का, म्या रानाचा ऊस केला." मी यंत्र बंद केलं. तुला ठसका लागला होता, का रडत होतीस, मिरचीच्या धुरळ्यात ते काही कळेना. मी तुला गूळ-पाणी दिलं.

तुझ्या जागी मी असते तर दगडफुलाचं नाव टाकलं असतं. तू उलट हट्टाला पेटलीस. डोंगराचे भाग पाडलेस. खालच्या रानात एक साल, मधल्या रानात दुसऱ्या साली, आणि वरलं रान बंद. खुरपी जमा करून घेतलीस. दवानं दगडफूल मऊ झालं की नुसत्या बोटांनी कडेकडेचं काढायचं, मधला गड्डा झाडाला चिकटलेला राहू द्यायचा. काढून झालेल्या झाडाला जुन्या साडीची चिंधी बांधायची, म्हणजे दुसरी बाई त्याला हात लावणार नाही. आणि सगळ्यावर तुझं ते माप. तळहाताखाली झाकलं जाईल त्याला हात लावायचा नाही. तळहाताच्या बाहेर आलं की मगच. कुणाचा तळहात, असं पहिल्यांदा कुणीतरी विचारलं तेव्हा तू तुझा हात वर केलास. "ह्यो. चूक ह्याच हातानं झाली, मापबी ह्योच."

वरच्या रानातही अखेर एकेक पापुद्रा दिसायला लागला. आधी नखाएवढा, मग रुपयाएवढा. दर वर्षी दिवाळीनंतर सगळ्या बायकांना घेऊन तू वर जायचीस, सगळ्यांदेखत खोडावर हात टेकवायचीस आणि म्हणायचीस, "न्हाई भरला." बायका हिरमुसून खाली यायच्या. तुझ्यावर चिडणाऱ्या होत्या, तुझ्या मागं नावं ठेवणाऱ्या होत्या. पण हात टेकवल्यावर कुणी वाद घालत नव्हतं. तो दिसत होता ना सगळ्यांना.

वाद मी घातला. यंदाच्या दिवाळीत आपलं जे भांडण झालं ते अजून माझ्या कानात आहे. मी म्हणाले, "शालन, सगळं तुझ्या एका हातावर टांगून ठेवलंयस. सुताराकडनं फळीचं माप कापून घे. पत्र्याचं कर. चार घरांत चार ठेव." तू चुलीपुढं बसली होतीस. म्हणालीस, "फळी कुणाच्याबी हातात जाती, आक्का. उद्या कोण तिची कड तासंल, कुणाला कळायचं बी न्हाई." मी म्हणाले, मग तुझ्या मागं काय? तू हात झटकलास, पिठाचा फवारा उडाला. "हात काय कुटं पळून जातोय व्हय?" मी चिडून उठले. तू मागून ओरडलीस की कोरड्यास उतरलंय, जेवून जावा. मी जेवून गेले. पण त्या प्रश्नाचं उत्तर तू दिलंच नाहीस, शालन. मी पुन्हा विचारायला फोनही केला होता, तर तू म्हशीचं बोलत बसलीस.

मग एका सकाळी छातीत कळ आली. शिराळ्याहून कराडला न्यायला सांगितलं आणि उंडाळ्याच्या पुढं गाडीतच तू गेलीस. मी सांगलीहून निघाले होते, पेठनाक्याला असताना भाऊजींचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "वैनी, सावकाश या. आता घाई न्हाई."

सवाष्ण गेलीस म्हणून तुला हिरवी साडी नेसवली. थोरली जाऊ म्हणून बांगड्या मी भरल्या. तुझा हात माझ्या मांडीवर होता. रुंद, जड, गार. बांगडी त्या हातावरून पुढं सरकेना आणि मी ती कशीतरी सरकवत होते. एवढा वेळ तो हात माझ्या हातात होता. एक कागद आणि कोळसा घेऊन त्याची रेघ काढून घ्यावी, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. कुणाच्या डोक्यात आलं असतं? माणूस मेल्यावर त्याची मापं घ्यायची असतात का? पण आता मी रोज स्वतःला तेच विचारते आणि रोज तो हात माझ्या मांडीवरून उचलून नेतात.

तुला अग्नी दिला तो शेणींवर, घरच्या गोवऱ्यांवर. घरामागची तुझी शेणी रचलेली हुडवी पोरांनी रिकामी केली. हौसाबाई एकेक शेणी हातात देत म्हणत होत्या, "तिच्याच हातच्या हायत. पुढच्या पावसाळ्याच्या बेगमीला थापल्या हुत्या." तू शेणी थापताना शेवटी मधोमध पंजा दाबून बोटं फाकवायचीस, ती तुझी खोड. एकेका शेणीवर तुझा हात उठलेला होता आणि असे तुझे कितीतरी हात तुझ्याबरोबर जळले. तेव्हाही मला काही सुचलं नाही. मी फक्त धुराकडं बघत होते.

तर तेराव्याला रंजना बोलली. मी म्हणाले, "शालननं मोजूनच उघडू म्हटलं होतं. मोजल्याशिवाय नाही." माझ्या तोंडून ते सहज निघालं. त्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "मग मोजा की. माप थोरल्या जावंकडं येतंय. आक्का, उद्या तुमीच हात लावा." सगळ्यांना ते आवडलं. रीत पाळल्यासारखंही झालं. रंजनानं माझ्या हाताकडं बघितलं आणि चटकन नजर वळवली. तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. माझी भाकरी सगळ्या गावानं बघितलीय.

माझा हात वरल्या रानात त्या मोठ्या जांभळीवर टेकवला असता तर दगडफूल त्याच्या चारी बाजूंनी बाहेर आलं असतं. रान उघडलं असतं. तेही तुझ्या घरच्याच बाईच्या हातानं, सगळ्यांदेखत, नियमाला धरून. मी भाऊजींकडं बघितलं. ते चप्पल घालत होते. म्हणाले, "मी काय बोलू वैनी? हितं ऑर्डर तिची चालायची. माझी ह्या रानात कवाच चालली न्हाई." आणि बाहेर जाऊन ते म्हशीला पाणी दाखवायला लागले. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण त्यांनी बादली उलटीच धरली होती.

बायकांना मी वाईट म्हणत नाही, शालन, आणि तूही म्हणू नकोस. रंजनाची तुझ्यावर माया होती. पण तिनं इतकी वर्षं वर जाऊन 'न्हाई भरला' ऐकलंय. खालच्या रानाचं जे मिळतं त्यात किती भागतं ते तू आणि मी दोघी जाणतो. ती म्हणाली, "काकी हुत्या तवर आमी थांबलो. आता कुणासाटी थांबायचं?" रानासाठी थांब, झाडांसाठी थांब, असं सांगून कोण थांबतं? ती तुझ्यासाठी थांबली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी घरभर फिरले. वेडीच झाले म्हण. तुझा हात कुठं उमटलाय का ते शोधत होते. लग्नानंतर तू भिंतीवर हळदीचे हात उठवले होतेस, तिथं भाऊजींनी निवृत्त होऊन आल्यावर ऑइलपेंट मारलाय. परसातली चूल नव्यानं लिंपलेली. हुडवीच्या जागी नुसती भुकटी. मी ती भुकटीसुद्धा चाळली, हसू नकोस. मग हौसाबाईंनी विचारलं, काय हरवलंय? मी म्हणाले, शालनचा हात. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग उठून त्यांच्या घरात गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक शेणी होती. "पाणी तापवाय निली हुती तुमच्यातनं. आता बंबात घालणारच हुतो."

अखंड होती. मधोमध तुझा पंजा, पाचही बोटं. करंगळीच्या बुडाशी, तुला लहानपणी खुरपं लागलं होतं तिथली आडवी खूणसुद्धा. मी ती छातीशी धरली आणि परसातच खाली बसले. त्या शेणीला शेणाचाच वास होता, तुझा नव्हता. तरी मी ती बराच वेळ सोडली नाही.

पदरात गुंडाळून ती मी वर नेली. बायका आधीच जमल्या होत्या. काहींच्या हातात खुरपी होती, शालन. कुठं लपवून ठेवली होती कोण जाणे. त्या मोठ्या जांभळीपाशी, जिला कुणी हात लावू नये म्हणून तू तुझ्या पोपटी साडीची चिंधी बांधलीयस, तिथं मी थांबले. सगळ्यांत थोराड दगडफूल त्याच खोडावर. रंजना म्हणाली, "लावा आक्का हात." मी पदर सोडला आणि शेणी काढली. कुणीतरी हसलं. मग त्यांना ठसा दिसला आणि हसू थांबलं.

मी शेणी उताणी धरून त्या दगडफुलाशेजारी टेकवली. बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत तुझा हात, आणि शेजारी ते. बरंचसं आलं होतं. हाताएवढं झालंच होतं म्हण ना. करंगळीच्या बाजूनं थोडं कमी, वर बोटांच्या बाजूनं थोडं कमी. मागून एकजण म्हणाली, "भरलंय की. एवड्या तेवड्यानं काय हुतंय?" दुसरी म्हणाली, "भरलंयच." आणि मला वाटलं, झालं, संपलं. तुझ्याच हातानं रान गेलं. मी काय म्हणणार होते? ठसा माझ्याच पदरातून निघाला होता.

तेव्हा रंजना पुढं आली. खुरपं तिनं काखेत धरलं आणि शेणीवरच्या तुझ्या ठशात स्वतःचा हात ठेवला. बोटांवर बोटं. तशीच उभी राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "शेणी वाळली की आकसतीया, आक्का. काकींचा हात ह्याच्यापरास मोटा हुता."

तिला कुणी विचारलं नव्हतं. ती गप्प बसली असती तर तिच्या मनासारखं झालं असतं. तिनं हात काढून घेतला, खुरपं तिथंच जांभळीच्या बुडात टाकलं आणि तोंडात पदर कोंबून खाली उतरायला लागली. दहाव्याला ती रडली नव्हती. निम्म्या वाटेवर तिच्या रडण्याचा आवाज वरपर्यंत आला.

पण बाकीच्यांनी खुरपी टाकली नाहीत, शालन. तू खुश होशील म्हणून खोटं लिहिणार नाही. त्या आपापसांत बोलत राहिल्या. एक म्हणाली, शेणीवरनं कुठं रान राखतात का? दुसरी म्हणाली, रंजनाच्या मनाचं तिच्यापाशी, व्यापाऱ्याला शब्द गेलाय. त्या उतरल्या तेव्हा काहीही ठरलं नव्हतं. टेम्पो येऊ नको असा निरोप कुणी दिलेला नाही. भाऊजींना मी सांगितलं सगळं. त्यांनी शेणी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली, ठशावरून अंगठा फिरवला आणि मला परत दिली. रात्री जेवले नाहीत.

आज गुरुवार आहे. सोप्यात बसून हे लिहितेय. शेणी पुढ्यात आहे, तुझ्याच साडीत ठेवलीय. करंगळीच्या कडेला बारीकशी भेग गेलीय, सकाळी नव्हती. मी माझा हात त्या ठशात ठेवून बघितला. चारी बाजूंनी सैल बसतो. जन्मभर तू मला ह्या हातांवरून हसलीस आणि आता हेच हात उरलेत. मला खूप भीती वाटतेय, शालन. तू असताना कधी वाटली नाही, कारण भांडायला समोर तू होतीस. आता मी कुणाशी भांडू?

उद्या सकाळी मी ही शेणी घेऊन फाट्यावर उभी राहणार आहे. रंजना येईल का माहीत नाही. संध्याकाळी ती दारावरून दोनदा गेली, आत आली नाही. मी एकटीच असले तर टेम्पो माझ्या बाजूनं वळसा घालून निघून जाईल आणि खरं सांगायचं तर मला बाजूला करायला कुणाला जोरही लावावा लागणार नाही.

त्या कावळ्याला भूक लागली होती, एवढंच मी समजते. सुखानं गेली, असं मी कुणाला म्हणू देणार नाही. तुझा जीव अजून त्या जांभळीत अडकलाय, आणि अडकलेलाच राहू दे. निदान उद्या टेम्पो येऊन जाईपर्यंत तरी कुठं जाऊ नकोस, शालन. माझा हात लहान आहे गं.